चुकलेल्याला बाहेर काढायचं नाही

आमच्या पुंता गावात वॉटरपोलो सगळ्यांना कळतो. पाववाल्याला कळतो, दातांच्या डॉक्टरला कळतो, चर्चची घंटा वाजवणाऱ्या बहिऱ्या आंद्रोलासुद्धा कळतो. कळत नाही तो फक्त प्रशिक्षकाला. आणि हा प्रशिक्षक म्हणजे माझा धाकटा दीर लोव्रे. त्याला काय काय कळत नाही, हे ऐकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. मी काही ऐकून घेणारी बाई नाही आणि गावाला ते चांगलं ठाऊक आहे, तरी लोक बोलायचं ते बोलतातच.

मी दोब्रिला. बंदराच्या पायऱ्यांशी कॉफीची टपरी आहे ती माझी. पायऱ्यांच्या खाली समुद्रात समोरासमोर दोन गोल बांधलेत, भोवती तरंगत्या दोऱ्या. तेच आमचं मैदान. तिथे तळाला पाय टेकत नाहीत, सगळा खेळ पाय मारत मारत खेळायचा. पायऱ्यांच्या वर बंदराकाठचा रस्ता, त्याला आम्ही रिवा म्हणतो, आणि रिवावर ओळीने घरं आणि त्यांच्या गॅलऱ्या. मॅच संपली की घरी जायला हाच एक रस्ता. मुलं खांद्यावर ओला टॉवेल टाकून निघतात आणि प्रत्येक गॅलरीतून त्यांना त्यांचाच खेळ समजावून सांगितला जातो. "अरे, गोल उजवीकडे होता, कोणी सांगितलं नाही का तुला?" "आमची म्हातारी कपडे पिळते ना, तिला घ्या रे टीममध्ये, तिचा हात बरा." जिंकून आलेल्यांनाही सोडत नाहीत. यात कोणाला काही वाईट वाटत नाही असं गाव म्हणतं. बोलणाऱ्यांना वाटत नाही, एवढं मात्र खरं.

लोव्रे तरुणपणी गोलकीपर होता आणि चांगला होता. तेव्हा प्रशिक्षक होते बार्बा ल्युबो. आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला बार्बाच म्हणतात, मग तो काका असो की नसो. या बार्बांची पद्धत अगदी सोपी. पोरगा चुकला की ते एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "ये वर." बास. पोराने पोहत काठाला यायचं, शिडीने वर चढायचं आणि टॉवेल गुंडाळून पायऱ्यांपाशी त्या सपाट दगडावर बसायचं, साऱ्या गावासमोर. लोव्रेही त्या दगडावर बसला आहे. पुढे त्याचा खांदा निखळला, खेळणं सुटलं, आणि बार्बांनंतर क्लब त्याच्याकडे आला. तेव्हा त्याला दुसरं काही येतच नव्हतं. तेच बोट, तेच "ये वर".

त्यात त्याने स्वतःची भर घातली ती चपलांची. राग आला की पायातली चप्पल काढून पाण्यात भिरकवायचा. मग मॅच संपल्यावर मी माशांच्या जाळीने ती काढायची.

"वहिनी, डावी सापडली का गं?" हा वरून विचारणार.

"डावी तुझ्या डोक्यात घालायला ठेवली आहे," मी म्हणायची.

सगळे हसायचे, तोही हसायचा. माणूस वाईट नव्हता हो. त्याला ज्याने शिकवलं त्याने तसं शिकवलं होतं.

मग ते दिंकोचं झालं. दिंको सुताराचा मुलगा, लांब हातांचा, लाजरा. समोरच्या बेटावरच्या टीमशी मॅच होती. याच्यासमोर गोल मोकळा, कीपर बाजूला गेलेला, आणि याने बॉल दांडीवरून घालवला. लोव्रेने बोट वर केलं. दिंको दगडावर बसला तो शेवटपर्यंत बसून राहिला, आणि आम्ही एका गोलने हरलो. त्या दिवशी दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. तो सुटला की आमच्या गावाचं डोकं फिरतं, नवरा-बायको मिठावरून भांडतात. दिंको रिवावरून घरी जाताना त्याला काय काय ऐकवलं गेलं ते मी सांगणार नाही, माझी टपरी त्याच लोकांवर चालते. थोड्याच दिवसांत तो मालवाहू बोटीवर कामाला लागला आणि निघून गेला.

आमच्याकडची मुलं बोटींवर जातातच, त्यात नवल नाही. पण सुट्टीला आला की दिंको धक्क्यावर बूट घालून बसायचा. उन्हाळ्यात सगळं गाव पाण्यात, आणि हा शर्टाचं वरचं बटणही सोडायचा नाही. एकदा पावाच्या रांगेत त्याची आई लोव्रेच्या मागे उभी होती. रागावली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "माझा मुलगा समुद्रावर राहतो लोव्रे, पण समुद्रात उतरत नाही. तू बसवलास, तो अजून उठला नाही."

त्या दुपारी लोव्रे माझ्याकडे जेवायला होता. मी सार्डिन मासे भाजले होते, बटाटे घालून पालेभाजी केली होती, त्याच्या आवडीची. त्याने काटासुद्धा उचलला नाही. माझा नवरा विको म्हणाला, "अरे, खेळ आहे, चालायचंच." लोव्रे म्हणाला, "खेळ असता तर तो पोहला असता." आणि उठून गेला.

पुढची दोन-तीन वर्षं आमचा लोव्रे साखरेचा झाला. ओरडणं बंद, चपला पायात. चुकला त्याला शाबास, नाही चुकला त्यालाही शाबास. सरावाला पोरं आइस्क्रीम चाटत यायची, आणि हा म्हणायचा, "संपव बाळा, मग ये." एकदा समोरची टीम एक खेळाडू कमी घेऊन आली, त्यांच्या गाडीत जागा नव्हती म्हणे, आणि तरी आम्हाला धुऊन गेली. आमचा एक पोरगा गोल चुकल्यावर पाण्यातच खी खी हसत होता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"बार्बा ल्युबो त्यांना घाबरवायचे," मी त्याला म्हटलं, "आणि तू त्यांना झोपवतोस. दोन्हींत फरक एवढाच की तेव्हा निदान जागी असायची."

"मग करू काय?"

"मला काय विचारतोस? मी कॉफी करते."

त्याला उत्तर सापडलं ते अपघाताने. त्याने कुठे पुस्तकात वाचलं नाही की कोणी मोठ्या माणसाने कानात सांगितलं नाही. आदल्या दिवशी अर्ध्या टीमने कोणाच्या तरी वाढदिवसाला शिंपले खाल्ले होते. शिंपले बाधले, पोरं घरी पोट धरून पडली, आणि मॅचला आले ते जेमतेम पाण्यात उतरण्यापुरते. बदली फक्त एक, तोही संडासात. मिकुला नावाच्या मुलाने बॉल थेट समोरच्याच्या हातात दिला, गोल झाला. इतक्या वर्षांची सवय, लोव्रेचं बोट आपोआप वर गेलं. मग त्याने दगडाकडे पाहिलं. दगड रिकामा. आत पाठवायला कोणीच नव्हतं. बोट तसंच वर राहिलं, आणि मिकुला खालून त्याच्याकडे पाहत राहिला, येऊ की नको अशा चेहऱ्याने. लोव्रेने बोट खाली घेतलं आणि म्हणाला, "तिथेच राहा."

पोरगा असा पोहला की विचारू नका. ज्याने त्याच्याकडून बॉल घेतला होता त्याला त्याने पुढे सोडलंच नाही, शेवटी बॉल काढून घेतला आणि आमचा गोल झाला. तेवढ्यात बदली पोरगा पोट चोळत परत आला, तेव्हा कुठे लोव्रेने मिकुलाला बाहेर घेतलं. पायऱ्यांवर टाळ्या चालू होत्या. पोरगा त्याच दगडावर, तसाच टॉवेल गुंडाळून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. लोव्रे मॅच सोडून त्याच्याकडेच बघत होता. मी टपरीतून ओरडले, "अरे, खेळ तिकडे चाललाय." त्याला ऐकूच गेलं नाही.

त्या संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात आला आणि दोन ताटं जेवला.

"वहिनी, चुकलेल्याला बाहेर काढायचं नाही," तो म्हणाला. "चूक पाण्यात झाली ना? मग ती पाण्यातच भरून निघणार. काठावर काय भरून निघणार आहे? त्याच्या हातून काहीतरी चांगलं होईपर्यंत त्याला आत ठेवायचं. मग काढायचं. म्हणजे तो बसतो तेव्हा त्याच्या कानात ते चांगलं वाजत असतं."

"आणि चांगलं झालंच नाही तर?"

"तर हरू."

"गाव तुला खाईल."

"खाऊ दे. हरलो की रिवावरून सगळ्यांत पुढे मी चालेन. जे बोलायचं ते आधी माझ्याशी बोलायचं."

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. पोरगा समोर बुडत चाललाय, दुसरा ताजा पोरगा दगडावर तयार बसलाय, वरून सगळी रिवा ओरडतेय "काढ त्याला, काढ", आणि तुम्ही हाताची घडी घालून उभे. या नियमापायी आम्ही मॅच हरलोय, एक-दोन नाही, बऱ्याच. आणि हरलो की हा पुढे, पोरं मागे, गॅलऱ्यांतून सगळा मारा याच्यावर. लाड मात्र संपले. सरावाला उशीर झाला की चार फेऱ्या जास्त, आळस केला की आठ. "मी तुम्हाला पाण्यात ठेवणार आहे, म्हणून पाय मजबूत हवेत," तो म्हणायचा. पोरं त्याला शिव्या घालत पोहायची आणि मोठी झाल्यावर आपली पोरं त्याच्याकडेच आणून सोडायची.

त्याने लग्न केलं नाही. एकदा ठरत आलं होतं, पण ती मुलगी म्हणाली की मासळीचा वास चालेल, खारट अंग चालेल, पण रविवारी दुपारी नवरा घरी हवा. जुळलं नाही. त्याचं घर म्हणजे झोपायची जागा, बाकी सगळा माणूस या पायऱ्यांवर. विको गेल्यानंतर तर आमचं दोघांचं असं ठरूनच गेलं, तो सकाळी मला टपरीची फळी उचलून द्यायचा आणि मी त्याला दुपारी जेवायला घालायची. हे पायऱ्यांवरचं काम गेलं तर हा दिवसभर करील काय, हा विचार अधूनमधून माझ्या मनात यायचा.

आणि तो विचार खरा व्हायची वेळ आली. लोव्रेने मुलींची टीम काढली होती. गाव आधी हसलं, मग बघायला लागलं, मग मुलांपेक्षा मुलींच्या मॅचला जास्त गर्दी व्हायला लागली. गोलमध्ये पेरिना, फेरीबोटीवर तिकिटं फाडणाऱ्याची मुलगी, शांत आणि थोराड. पुढे फ्रांका, हात तिखट आणि जीभ त्याहून तिखट, माझ्यावरच गेली आहे म्हणतात, नात्यातली नसूनही. क्लबचा अध्यक्ष जोर्जी, तो टेकडीवरच्या हॉटेलचा मालक. तो एके दिवशी माझ्या टपरीच्या स्टुलावर बसला आणि कॉफी ढवळत म्हणाला, "लोव्रे, तुझे विचार फार सुंदर आहेत. पण गुणतक्त्यात ते दिसत नाहीत रे. यंदा मुली वरच्या गटात गेल्या तर तू आहेस. नाही तर मी स्प्लिट शहरातून माणूस आणतो, मला तोंड दाखवायला जागा ठेव."

"बरं," लोव्रे म्हणाला.

"बरं काय, बरं?" जोर्जी गेल्यावर मी म्हटलं. "भांड की जरा."

"खरं आहे त्याचं. काहीतरी दिसायला हवं."

सप्टेंबर संपत आला होता, हंगामातली शेवटची मॅच. समोर बेटावरच्या मुली. बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार होतो. पायऱ्यांवर जागा नव्हती, गॅलऱ्यांत माणसं कठड्यावर बसलेली. सुरुवातीलाच पेरिनाने एक गोल असा सोडला की मलाही डोळे मिटावेसे वाटले, लांबून आलेला साधा बॉल, हातातून सटकला. रिवा उठून उभी राहिली, "काढ तिला". जोर्जी लोव्रेच्या मागे येऊन म्हणाला, "अरे, काढ ना." लोव्रेने मान हलवली, नाही म्हणून. मग पेरिनाने एकामागून एक अडवायला सुरुवात केली. छातीने, कोपराने, एकदा तर चेहऱ्याने. चारांपैकी तिसऱ्या भागात आमच्या मुलींनी बरोबरी केली आणि ती टिकवली.

अगदी थोडा वेळ उरला होता. बॉल फ्रांकाकडे, आणि तिच्या अंगावर दोन मुली चढलेल्या, एक पाठीवर, एक हातावर. आता प्रशिक्षकाने वेळ मागून घ्यायची असते, टाइमआउट. खेळ थांबतो, मुली श्वास घेतात, बॉल आपल्याकडेच राहतो. पण बॉल आपल्या हातात असेल तरच हां. समोरच्यांच्या हातात असताना मागितलात तर शिक्षा आहे, समोरच्यांना पेनल्टी. हे त्याने शेकडो पोरांना शिकवलंय, "बॉल कोणाकडे आहे ते आधी बघ, मग तोंड उघड." लोव्रे टेबलाकडे वळला, हात वर केले आणि ओरडला, "टाइमआउट". तो वळला त्या क्षणात फ्रांकाच्या हातून बॉल निसटला होता.

पंचांची शिट्टी वाजली. पेनल्टी. पेरिना उसळली, बोटं लागली तिची, पण बॉल बोटांना घासून आत गेला. आम्ही हरलो.

नेहमीसारखा तो रिवावरून पुढे चालला, मागे मुली. आणि काय सांगू, एकही गॅलरी बोलली नाही. जे जन्मात गप्प बसले नाहीत ते त्या दिवशी गप्प बसले. मला वाटलं, बोला रे, कोणीतरी काहीतरी बोला त्याला. फक्त बहिरा आंद्रो कठड्यावरून वाकून म्हणाला, "लोव्रे, पेनल्टी का दिली रे? मला काही कळलं नाही." लोव्रे त्याच्या खाली थांबला आणि हातवारे करून त्याला सगळं समजावून सांगितलं, माझी चूक, मी वेळ मागितली, बॉल तिकडे होता. आंद्रो म्हणाला, "हां." मग लोव्रे पुढे गेला.

थोड्या वेळाने तो टपरीवर आला आणि सामानाच्या खोलीच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या.

"जोर्जीला दे, वहिनी."

"त्याने मागितल्या का?"

"मागेल. त्याला कशाला मागायला लावायचं?"

"स्वतः दे मग. मी काय तुझी नोकर आहे?"

त्याने किल्ल्या उचलल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी फळी उचलायलाही आला नाही, मी एकटीने उचलली आणि दिवसभर पाठ धरून बसले.

त्या संध्याकाळी सरावाला जोर्जी स्वतः हजर. किल्ल्या मी त्याला दिल्या नाहीत, त्यानेही मागितल्या नाहीत. मुली आधीच पाण्यात होत्या. जोर्जीने शिट्टी वाजवली. "या वर, जरा बोलायचं आहे. सोमवारपासून स्प्लिटचा माणूस येतोय."

कोणी हललं नाही.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं," फ्रांका म्हणाली. "पण आम्हाला बाहेर येता येत नाही. बॉल माझ्या हातून गेला."

"माझ्या बोटांना लागून आत गेला," पेरिना म्हणाली.

"चुकलेल्याला इथे बाहेर काढत नाहीत," फ्रांका म्हणाली. "मग बार्बा लोव्रेला का काढलं?"

"अगं, मी कुठे काढलं? तो आपणच गेला."

"मग त्याला आणा. आम्ही आहोत इथे."

जोर्जीला वाटलं पोरींचा खेळ चाललाय, पाच मिनिटांत येतील वर. पाच मिनिटांत रिवा भरली. आया धावत आल्या, बाप आले, पेरिनाचा बाप तिकिटांची पिशवी गळ्यात अडकवूनच आला. ऊन उतरलं, पाणी गार व्हायला लागलं. सगळ्या मुली मैदानाच्या मधोमध रिंगण करून पाय मारत होत्या, दोरीला कोणी हात लावत नव्हतं. धाकट्या एकीचे ओठ निळे पडले, तिची आई रडायला लागली, पण पोरगी काही आली नाही. मी टपरी तशीच उघडी टाकली आणि निघाले.

लोव्रे घराखालच्या तळघरात जाळं विणत बसला होता. जाळं चांगलं होतं, त्याला विणायची काही गरज नव्हती.

"मुली पाण्यात आहेत," मी म्हटलं.

"सराव आहे आज, असणारच."

"बाहेर येत नाहीत. तू आल्याशिवाय येणार नाहीत म्हणतात."

त्याचा हात थांबला. "त्यांना सांग, माझी गोष्ट वेगळी आहे. मी खेळाडू नाही. मी काठावरचा माणूस. मी चुकलो तर दुसरा आणायचा असतो."

"असं? म्हणजे नियम काय फक्त लोकांच्या पोरांना?" माझा आवाज चढला होता आणि रडायलाही येत होतं, दोन्ही एकदम, मला ते मुळीच आवडत नाही. "तीस वर्षं माझं डोकं खाल्लंस, चूक पाण्यात भरून निघते, काठावर काय भरून निघणार. आणि स्वतःवर आलं की तळघरात येऊन बसलास. तुला कोणी काढलं नाही लोव्रे. तूच बोट वर केलंस. त्या पोरी गारठून मरायला आल्यात, ऊठ."

तो उठला. जाळं पायात अडकलं, मी ते सोडवलं, आणि आम्ही निघालो.

आम्हाला येताना पाहून रिवावरच्या माणसांनी वाट दिली. लोव्रे कडेला जाऊन उभा राहिला. "मुलींनो, बाहेर या. गारठाल."

"तू आत ये," पेरिना म्हणाली.

"मी?"

"चुकलं कोण?"

त्याने जोर्जीकडे पाहिलं, जोर्जी दुसरीकडे पाहायला लागला. मग लोव्रेने बूट काढले, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, आणि पँट-शर्टावर शिडीने खाली उतरला. पाणी छातीला लागलं तसा तो मोठ्याने हुश्श म्हणाला आणि मुली हसल्या. पेरिना गोलमधून बाजूला झाली आणि तिने त्याला जागा दाखवली. तो पोहत गेला, एका हाताने, दुसरा खांदा चालत नव्हता, आणि गोलमध्ये जाऊन वळला.

फ्रांकाने बॉल घेतला आणि मारला. आत. दुसऱ्या एकीने, नेवियाने, मारला. आत. शर्ट फुग्यासारखा वर येत होता, तो एका हाताने तो खाली दाबत होता आणि दुसऱ्या हाताने अडवायला जात होता. आणि मग वरून, दातांच्या डॉक्टरच्या गॅलरीतून, पहिला आवाज आला. "लोव्रे, गोल तुझ्या मागे आहे रे." दुसरीकडून कोणीतरी म्हणालं, "शर्टाला गोलमध्ये ठेवा, तो जास्त अडवतोय." सगळी रिवा बोलायला लागली. लोव्रेने वर पाहिलं, तोंडातलं पाणी थुंकलं, आणि हसला. मला इतकं बरं वाटलं की मीही दोन ऐकवून घेतल्या.

पण बॉल आतच जात होते. जोर्जी शेवटी म्हणाला, "पुरे गं आता, वय काय त्याचं."

"अजून त्याच्या हातून काही चांगलं झालेलं नाही," फ्रांका म्हणाली. आणि तिने हळू मारला नाही हां, मी डोळ्यांनी पाहिलं, पाण्याबाहेर कमरेपर्यंत उठून, पूर्ण जोर लावून मारला. लोव्रे उसळला. कुठून उसळला देव जाणे. बॉल तळहातावर फटकन बसला आणि दांडीवरून बाहेर उडाला.

रिवावर काय गोंगाट झाला ते मी सांगत नाही. पेरिना पोहत त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "झालं. आता जा बाहेर." जोर्जीने कोटाच्या बाहीने डोळे पुसले, खिशातून फोन काढला आणि बाजूला जाऊन स्प्लिटच्या माणसाला सांगितलं की येऊ नका. मग मला म्हणाला, "त्या किल्ल्या मला नकोत, त्याला दे." मुली एकेक करून शिडीने वर आल्या, आयांनी त्यांना टॉवेलात गुंडाळलं, कोणी ओरडत होतं, कोणी पापे घेत होतं.

लोव्रे सगळ्यांत शेवटी वर आला. तो सरळ त्या दगडावर जाऊन बसला, कपड्यांतून पाणी गळत होतं, हनुवटी थडथडत होती. मी टपरीतला मोठा टॉवेल आणून त्याच्या पाठीवर घातला. वर टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, आंद्रोला कोणीतरी हातवारे करून समजावत होतं आणि तो सगळ्यांच्या नंतर एकटाच टाळ्या वाजवायला लागला होता. मला वाटलं लोव्रे हसतोय. खाली वाकून पाहिलं तर तो रडत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "दिंकोला मी हे द्यायला हवं होतं."

मी त्याच्याशेजारी त्या ओल्या दगडावर बसले आणि टॉवेल त्याच्या खांद्यांवर घट्ट धरून राहिले.